शंभर तासांनी इअरफोन ‘खुलत’ नाही

आवडत्या इअरफोनची नवी आवृत्ती घेतली आणि आवाज जुन्यासारखा वाटला नाही, की हमखास सल्ला मिळतो: ‘लगेच ठरवू नकोस. शंभर तास वाजव, मग खुलेल.’ याला ‘बर्न-इन’ म्हणतात. रोज दोन तास ऐकलं तर शंभर तासांना पन्नास दिवस लागतात. तोवर बहुतेक ठिकाणी वस्तू परत करायची मुदत उलटून जाते. म्हणून या सल्ल्याची मला चीड येते.

समजूत अशी, की नवी चप्पल पायात सैलावते तसा आतला पडदा वाजून वाजून सैलावतो. मोठ्या लाउडस्पीकरच्या बाबतीत यात थोडं तथ्य आहे. इअरफोनचा पडदा मात्र इवलासा, त्याची हालचालही अगदी सूक्ष्म. शुअर कंपनीने १९९७ साली आणलेल्या ई१ इअरफोनचे भरपूर वापरलेले जोड पुन्हा मोजले, तेव्हा आकडे नव्या जोडासारखेच आले, असं कंपनीनेच सांगितलं आहे.

मग महिन्याभराने आवाज बरा वाटतो, तो कसा? कान सरावतात, आणि रबरी टिप नीट बसवायचा हातही बसतो. टिपेपाशी फट राहिली की खालचे स्वर निसटतात. तबल्याचा ठेका लावून बघा: चाटेचे बोल स्पष्ट येतील, डग्ग्याची घुमक गायब. टिपेचा आकार बदलून बघा आणि मगच नव्या आवृत्तीला नावं ठेवा.

दुसरी गफलत तुलनेतच होते. फोनचा व्हॉल्यूम तोच ठेवला तरी दोन जोड सारख्याच जोराने वाजत नाहीत. आवाज लहान असला की खालचे स्वर कानाला तुलनेने कमीच ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं. त्यामुळे किंचित मोठा वाजणारा जोड आपोआप भरदार वाटतो. गायकाचा आवाज दोन्हींत सारखा येईपर्यंत व्हॉल्यूम जुळवा आणि झटपट अदलाबदल करून ऐका; आवाजातले बारकावे काही सेकंदांतच आठवणीतून पुसट होतात. कालच्या जोडाशी आजच्याची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

आवृत्त्यांमध्ये फरक नसतोच, असं नाही. ॲपलने २०१२ मध्ये गोल इअरफोन बदलून इअरपॉड्स आणले, तेव्हा कानात बसण्याचा आकारच बदलला. वायरलेस जोडाचा आवाज फर्मवेअर अपडेटनेही बदलू शकतो. पण असा बदल झाल्या दिवसापासून मोजता येतो.

आणखी काही समजुती. महाग म्हणजे सुरेल? संशोधक ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोन तपासले. किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणता स्वर किती जोरात वाजतो) यांचा संबंध सापडला नाही. सोन्याचा मुलामा दिलेला जॅक? गंजत नाही, एवढंच. मोठा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) म्हणजे चांगला आवाज? नाही. जुना जोड मंद झालाय? नवा घेण्याआधी जाळीत अडकलेला कानातला मळ कोरड्या मऊ ब्रशने काढा.