टायरवरचे चार आकडे

गाडी घ्यायची तर रोखीने, कर्ज आणि व्याज नको, हे आमच्या घरात आधीपासून ठरलेले. दोन शिक्षकांच्या पगारात नवी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी काही बसत नाही, म्हणून जुनी शोधली. २०१६ची स्कॉर्पिओ मिळाली, चारही चाकांना ताकद देणारी. हौस होती हे कबूल करतो, पण गरजही होती. म्हसळा तालुक्यातल्या आमच्या गावाचा शेवटचा दीड किलोमीटर रस्ता पावसाळ्यात नावालाच उरतो, आणि अम्मींच्या गुडघ्यांना आता तेवढे चालणे झेपत नाही. आमची छोटी गाडी विकली आणि तेही पैसे यात घातले.

गाडी दारात आली आणि पंधरा दिवसांत भाचीचा निकाह ठरला, नागपूरजवळ कामठीला. दिवाळीची सुट्टी होतीच. ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. आमणे आमच्याच भिवंडी तालुक्यात. रेल्वेच्या तिकिटांची वाट बघण्यापेक्षा गाडीनेच जायचे ठरले.

कागदपत्रांच्या बाबतीत आम्ही पक्के होतो. मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० भरून झाले होते. गाडीवर बँकेचा बोजा किंवा न भरलेले चलन आहे का, ते ‘एमपरिवहन’ ॲपवर पाहिले होते. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो, नाहीतर आपल्याच गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. तेही वेळेत केले. काचेवरचा फास्टॅग मात्र पहिल्या मालकाचाच होता. एका टोलचे पैसे त्या गृहस्थांच्या खात्यातून गेले आणि त्यांचा फोन आला, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले. त्यांचे पैसे लगेच पाठवले आणि आपला नवा फास्टॅग घेतला. फास्टॅग नसेल आणि रोख द्यायला गेलात, तर टोल दुप्पट बसतो.

फजरची नमाज झाली, सफरची दुआ पढली आणि निघालो. अम्मी पुढे, मुले मधल्या सीटवर. सर्वांना सीट बेल्ट. सर्वात मागे समोरासमोर दोन छोटी बाके आहेत. मुलांना तिथेच बसायचे होते, पण अशा आडव्या बाकावर धक्का बसला तर सावरायला काही नसते. तिथे बॅगा आणि मिठाईची खोकी ठेवली. स्टिअरिंग आम्ही दोघांनी आळीपाळीने धरायचे ठरवले.

इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा संपला तशी धाकट्याने फर्माईश केली, “आता फोर-व्हील लावा ना!” त्याला समजावले, की ते बटण चिखलासाठी, वाळूसाठी आहे. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. मातीत चाक थोडे घसरून तो फरक भरून निघतो. कोरड्या पक्क्या रस्त्यावर चाक घसरत नाही, मग सगळा ताण गाडीच्या आतल्या यंत्रणेवर येतो. महामार्गावर मागची दोन चाकेच पुरे.

त्या मार्गावर कारसाठी वेगमर्यादा १२०ची आहे. आम्ही ९०च्या पुढे जायचे नाही असे ठरवले होते. उंच आणि जड गाडी अचानक वळवली तर कलंडायला वेळ लागत नाही. तरी शेजारून गाड्या सूं करून निघून जात तेव्हा पायाला मोह होत होता.

सिन्नर मागे पडले आणि स्टिअरिंग थरथरू लागले. वेग कमी केला की थरथर कमी, वाढवला की जास्त. गाडी डाव्या कडेला घेतली, दिवे लुकलुकते ठेवले, सर्वांना कठड्यापलीकडे उभे केले. चारही टायर पाहिले. काळेभोर, चकचकीत, नक्षी खोल. काहीच दिसेना. मग डाव्या बाजूनेच, हळूहळू शिर्डीच्या फाट्यापर्यंत आलो आणि खाली उतरून टायरचे दुकान गाठले.

दुकानातल्या काकांनी पुढचे डावे चाक काढून उलटे ठेवले. आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा. मग त्यांनी ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसली. चकाकी फडक्यावर आली आणि खाली बारीक बारीक भेगा दिसल्या. त्यांनी एका लांबट चौकटीतल्या चार आकड्यांवर बोट ठेवले : १७१४.

“पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २०१४चा सतरावा आठवडा. तुमची गाडी कितीची?”

“२०१६ची.”

“मग हा टायर गाडीपेक्षा वयाने मोठा आहे,” काका हसले. पण लगेच गंभीर झाले. “मुलाबाळांना घेऊन सिमेंटच्या रस्त्यावर निघालात. अजून शंभर किलोमीटर गेला असतात, तर सांगता येत नव्हते.”

पुढच्या उजव्या टायरवरही तेच आकडे होते. रबर वापरले नाही तरी वयाने कडक होते. त्यात हवा कमी असेल तर टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, आणि वेगात फुटतो. नक्षी खोल आहे म्हणजे टायर चांगला आहे, या समजुतीवर आम्ही फसलो होतो. “टायर जवळजवळ नवेच आहेत,” असे आम्हाला सांगण्यात आले होते.

आम्ही गाडी विकणाऱ्याला तिथूनच फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “जुन्या गाडीत एवढे चालायचेच. तुम्ही बघून घेतली ना?”

आमचा संताप झाला. ऐब लपवून माल विकणे हराम आहे, यांना अल्लाहची भीती नाही का, वगैरे बरेच बोललो. अम्मी बाकड्यावर बसून ऐकत होत्या. आम्ही थांबल्यावर त्यांनी विचारले, “आणि आपली छोटी गाडी विकली, तेव्हा त्या पोराला सांगितले होते का, की घाट चढताना ती तापते?”

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. सांगितले नव्हते. शाळेसमोर झेरॉक्सचे दुकान चालवणारा तो तरुण. आम्ही शिक्षक, म्हणून त्याने गाडी कुणा मेकॅनिकला दाखवलीही नव्हती. “फर्स्ट क्लास आहे,” एवढे म्हणून आम्ही चावी दिली होती. मनाशी हेच म्हटले होते, की जुन्या गाडीत एवढे चालायचेच.

योग्य मापाचे टायर यायला तीन तास लागले. दोन नवे टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट मिळून वीस हजारांच्या आसपास गेले. त्या तीन तासांत त्या तरुणाला फोन करायला आम्हाला दोन तास लागले. शेवटी केला. रेडिएटरचे पाणी कमी होते, घाटात काटा वर जातो, हे सांगितले. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “आधी सांगितले असते तर मी किंमत कमी केली असती, एवढेच. पुढच्या आठवड्यात नाशिकला जाणार होतो, कसारा घाटातून. बरे झाले सांगितलेत.” दुरुस्तीचा खर्च आम्ही देऊ असे त्याला कळवले, आणि परत आल्यावर दिला.

पुढचा प्रवास संथ झाला. प्राण्यांसाठी रस्त्यावरून बांधलेले हिरवे पूल मुले मोजत होती. झोहर आणि असर आम्ही मुसाफिराच्या सवलतीने एकत्र अदा केल्या. कामठीला पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती आणि दारात सगळे जागे होते. दुसऱ्या दिवशी निकाह वेळेवर लागला, अल्हम्दुलिल्लाह.

वाचक बंधू-भगिनींनो, जुनी गाडी घेताना इंजिनाचा आवाज ऐका, कागद पाहा, पण खाली बसून पाचही टायरवरचे ते चार आकडे वाचा. पाचवा म्हणजे स्टेपनी, तो कुणी पाहत नाही. टायर आतल्या बाजूनेही हात फिरवून बघा. लांब निघण्याआधी, चाके थंड असताना हवा तपासा. किती हवी ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दारापाशी चिकटवलेले असते. आणि चालत्या गाडीचा टायर फुटलाच, तर ब्रेकवर उभे राहू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडीला आपोआप मंदावू द्या.

आणि आपली जुनी गाडी विकायला काढाल, तेव्हा तिचा जो दोष फक्त आपल्याला माहीत आहे, तो चावी देण्याआधी सांगा. त्यात चार-पाच हजार कमी येतील. आमचे ते पैसे शेवटी रेडिएटरला गेलेच, आणि दोन तास एका फोनकडे बघत बसावे लागले ते वेगळे.