वितळत नाही, जळतं मात्र!

उडालेला पिवळा बल्ब कानाशी धरून हलवायचा, आत टिणटिण वाजलं की तार तुटली असं जाहीर करायचं. घरोघरी हे तज्ज्ञ असत. ती तार टंगस्टनची. वेटोळ्याचं पुन्हा वेटोळं केलेली, सरळ केली तर हातभराहून लांब भरेल. बल्ब लागला की ती अडीच हजार अंशांच्या आसपास तापते. लोखंड १५३८ अंशांनाच पाणी पाणी होतं, टंगस्टन ३४२२ अंशांपर्यंत दाद देत नाही. धातूंमध्ये हा विक्रम त्याचाच.

पण काच फुटू द्या! हवा लागताच हीच चिवट तार क्षणात जळते, पांढुरका धूर सोडते आणि संपते. म्हणून तर बल्बमध्ये आरगॉन, नायट्रोजन भरतात. न वितळणं वेगळं, न जळणं वेगळं.

नावाचीही गंमत. स्वीडिश भाषेत टंगस्टन म्हणजे जड दगड. चिन्ह मात्र डब्ल्यू, कारण जर्मन नाव वोल्फ्राम. कथील गाळणाऱ्या जर्मन कामगारांची तक्रार होती, की हे खनिज मिसळलं की लांडग्यानं मेंढरं फस्त करावीत तसं कथील गायब होतं!

जडपणात ते थेट सोन्याच्या पंगतीला बसतं. दोघांची घनता जवळपास १९.३. त्यामुळे टंगस्टनच्या लगडीला सोन्याचा मुलामा दिला की तराजू बिचारा फसतो. आणि तुमच्या खिशातल्या बॉलपेनच्या टोकाची गोळी? बहुधा टंगस्टन कार्बाइडची.

आता लोखंड. खिळा गॅसवर धरा, लालबुंद होईल, बस्स. तेच लोखंड किसासारखं बारीक करून फुलबाजीत घातलं की तडतडून जळतं. कण जितका बारीक, तितकी हवा त्याला चहूबाजूंनी भिडते. जळून त्याचं वजन घटत नाही, उलट वाढतं! हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटून बसतो ना.

पिठाचंही तेच. परातीतली कणीक गरीब गाय, हवेत उधळलेलं कोरडं पीठ म्हणजे दारूगोळा. १४ डिसेंबर १७८५ ला इटलीतल्या तुरीन शहरात एका पाववाल्याच्या कोठारात दिव्याच्या उजेडात पीठ ओढणं चाललं होतं. पिठाचा लोट उठला, दिव्यावर गेला आणि धडाम! काम करणाऱ्या पोराचं हात-तोंड भाजलं.

साखरेच्या खड्याला काडी लावा. वितळेल, करपेल, पेटायला मात्र कुरकुरेल. त्यावर चिमूटभर राख चोळा, चटकन ज्योत धरतो. राख स्वतः जळत नाही, नुसती चिथावणी देते. (असले नातेवाईक सगळ्यांनाच असतात.)

आणि हिरा? तोही जळतो. १७७२ मध्ये फ्रान्सच्या लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञानं भल्या मोठ्या भिंगानं उन्हाचा झोत बंद भांड्यातल्या हिऱ्यावर धरला. हिरा नाहीसा झाला. भांड्यात सापडला तो वायू चुन्याची निवळी दुधाळ करणारा, कोळसा जाळल्यावर निघतो तोच.