गावकीचा निवाडा आणि बहिष्काराचा कायदा

पनवेल १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाले, तरी भोवतालच्या जुन्या आगरी-कोळी गावांत गावकी, म्हणजे घरोघरच्या कर्त्या पुरुषांची परंपरागत सभा, आपले स्थान राखून आहे. ग्रामदेवतेची जत्रा, शिमग्याची पालखी, बांधाचा वाद आणि नवराबायकोचे भांडण एकाच बैठकीत निघत आल्याने तिच्या निवाड्याला देवाधर्माचे वजन येते, आणि कोर्टाच्या तारखांना कंटाळलेल्या माणसाला तो स्वस्त व जवळचाही वाटतो. तिची ही उपयुक्तता खरी आहे.

मात्र निवाडा न मानणाऱ्याला वाळीत टाकले जाते, तेव्हा दुकानदार सामान देत नाही, लग्नाचे बोलावणे थांबते, पालखी दारावरून तशीच पुढे जाते, मयताला खांदा द्यायला कोणी येत नाही, आणि परत घेण्यासाठी दंड मागितला जातो. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी वारंवार आल्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ मध्ये जातपंचायतींविरुद्ध मूठमाती अभियान हाती घेतले. पुढे विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला आणि तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत.

मुंबई राज्याचा १९४९ चा असाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर रद्द केला होता, कारण बहुमताने धार्मिक बहिष्कार हा पंथाच्या अंतर्गत कारभाराचा भाग मानला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र बहिष्कृताची अवस्था अस्पृश्यतेशी जोडून भिन्नमत नोंदवले, आणि तेच अधिक न्याय्य होते. २०२३ मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. दरम्यान २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने दारुल कझा, म्हणजे शरियतनुसार सल्ला देणारी पीठे, बेकायदा ठरवली नाहीत. पण त्यांचा निर्णय कोणावरही बंधनकारक नाही, असे स्पष्ट केले. ब्रिटनमध्ये बॅरोनेस कॉक्स यांनी २०११ मध्ये मांडलेल्या विधेयकाचा रोखही धार्मिक लवादांनी कोर्टाचा अधिकार मिरवू नये, हाच होता.

कसोटी एवढीच की दुबळ्या पक्षाला बैठकीतून उठून जाता येते का. विशेषतः बाईला, जिची बाजू गावकीत बहुधा बाप किंवा भाऊच मांडतो. विधी सेवा कायद्यानुसार तिला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बहिष्काराच्या गुन्ह्यातही तडजोड होऊ शकते, पण त्यासाठी पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी दोन्ही लागतात.