गर्भवतीची रोजची गोळी



भंडारा जिल्ह्यांत पाऊस लागला कीं बांध्याबांध्यांतून धानाची रोवणी सुरू होते. दिवसभर चिखलांत वाकून रोपें लावणारे हात बहुतेक स्त्रियांचेच असतात, आणि त्यांतील कित्येकींना दिवस गेलेले असतात. त्या मजूर स्त्रीला आणि शहरांतील सुशिक्षित घरांतील सुनेला, दोघींनाही आरोग्यकेंद्रांतून वा दवाखान्यांतून एकच लाल गोळी दिली जाते. ती लोह व फॉलिक ॲसिड यांची गोळी होय. दोघींच्याही बाबतींत गोळी मिळण्यापेक्षां ती रोज पोटांत जाणेंच अधिक कठीण ठरतें. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

गोळी रोज कां घ्यावयाची, हें साध्या हिशेबानें समजेल. गर्भारपणांत स्त्रीच्या रक्ताचें एकूण प्रमाण सुमारें ४० ते ५० टक्क्यांनीं वाढतें. हें वाढीव रक्त, गर्भ, वार आणि प्रसूतीच्या वेळचा रक्तस्राव या सर्वांसाठीं मिळून सुमारें १ ग्रॅम लोह शरीरांत मुरावें लागतें. भात व डाळ यांतील लोह फारच थोडें शोषिलें जातें. म्हणून केवळ नेहमींच्या जेवणांतून ही भर पडत नाहीं. गोळींत ६० मिलिग्रॅम लोह असतें. अशा १८० गोळ्यांचें लोह जवळजवळ ११ ग्रॅम होतें आणि त्याचा ढोबळ मानानें दहावा हिस्सा अंगीं लागतो, म्हणजे सुमारें १ ग्रॅमच. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणें १८० दिवस आणि प्रसूतीनंतर पुन्हा १८० दिवस, हा नियम या गरजेशीं असा जुळतो. आज चुकलेली गोळी उद्यां दोन घेऊन भरून काढतां येत नाहीं. कारण एका वेळीं शरीर ठराविक लोहच शोषून घेतें.

गोळींतील दुसऱ्या द्रव्याचा इतिहास आपल्या मुंबईशींच निगडित आहे. लूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ सालीं मुंबईस आल्या. गिरणगांवांतील गरीब गर्भवतींना होणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचा त्यांनीं हाफकिन संस्थेंत अभ्यास केला. यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारांत मिळणारें मार्माइट, दिल्यानें या स्त्रिया बऱ्या होतात, असें त्यांनीं १९३१ मध्यें प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील अज्ञात द्रव्य पुढें १९४१ मध्यें अमेरिकेंत पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें आणि पानासाठीं असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हें नांव मिळालें. तें कृत्रिम रीतीनें तयार करणाऱ्या मंडळींचे प्रमुख येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आपलेच देशबांधव होते.

हें द्रव्य पालेभाज्यांत असतें खरें. पण भाजी फार शिजविली व तिचें पाणी फेकून दिलें कीं त्याचा मोठा अंश वायां जातो. शिवाय गर्भाचा मेंदू व पाठीचा कणा ज्या नलिकेपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर ४ आठवड्यांच्या आंतच मिटते. पुष्कळदां तोंवर आपल्याला दिवस गेल्याचें स्त्रीला कळलेलेंही नसतें. म्हणून मूल व्हावें अशी इच्छा असतांच, वैद्यकीय सल्ल्यानें, फॉलिक ॲसिड सुरू करावें व पहिले ३ महिने चालू ठेवावें.

आपल्या देशांत गर्भवतींना या गोळ्या पुरविण्याची सरकारी योजना १९७० पासून चालत आली आहे. तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणींत निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आढळला, आणि पूर्ण १८० दिवस गोळ्या घेतलेल्या माता शेंकडा २६ च निघाल्या. मळमळ होते, बद्धकोष्ठ होतें, शौचास काळें होतें, म्हणून गोळी बंद पडते. गोळी उष्ण पडेल किंवा मूल काळें होईल, अशी भीति कोणी घालतें. शौचाचा काळा रंग न शोषलेल्या लोहाचा असतो व तो निरुपद्रवी आहे. बाळाच्या वर्णाशीं गोळीचा कांहीं संबंध नाहीं. कित्येकदां तर महिन्याभरांत थकवा कमी होतो आणि आतां बरें वाटतें म्हणून गोळी सुटते. परंतु थकवा आधीं जातो आणि शरीरांतील लोहाचा सांठा भरण्यास पुढें कित्येक महिने लागतात.

मळमळ होत असल्यास गोळी रात्रीं जेवणानंतर घ्यावी. लिंबू वा आंवळा सोबत असल्यास लोह चांगलें शोषिलें जातें. चहा व दूध मात्र तिच्याजवळ नसावें, आणि कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळीं घ्यावी. अनवाणी चिखलांत काम करणाऱ्या स्त्रीला अंकुशकृमींची बाधा होऊं शकते. हे कृमी आंतड्यांतून रक्त शोषितात. म्हणून चौथ्या महिन्यानंतर जंतांचें औषध वैद्यांच्या सल्ल्यानें घ्यावें.

पूर्व विदर्भासाठीं एक विशेष सूचना आहे. या भागांत सिकलसेलचा आजार पुष्कळ कुटुंबांत आढळतो. तेव्हां त्याची तपासणी गर्भारपणाच्या आरंभींच व्हावी. केवळ वाहक असलेल्या स्त्रीनें नेहमींप्रमाणेंच गोळी घ्यावी. प्रत्यक्ष आजार असल्यास फॉलिक ॲसिडची गरज अधिक असते, परंतु लोह किती द्यावयाचें हें डॉक्टरांनींच तपासून ठरवावें.

हिमोग्लोबिन ११ च्या खालीं गेलें कीं तो गर्भवतीचा रक्तक्षय समजावा, आणि ७ च्या खालीं गेलें तर तो गंभीर होय. अशा स्त्रीला प्रसूतीच्या वेळचा थोडा अधिक रक्तस्रावही जिवावर बेततो. तेव्हां रक्ताची तपासणी वेळोवेळीं व्हावी, आणि रात्रींचीं जेवणें आटोपल्यावर गोळीची आठवण करण्याचें काम घरांतील एकानें, पतीनें किंवा सासूबाईंनीं, आपल्याकडे घ्यावें. बाळंतपण झालें म्हणजे हें काम संपलें, असें मात्र समजूं नये. त्या दिवसापासून पुढचे १८० दिवस मोजावयाचे असतात.