गोळ्यांच्या वहीत दिसणारा स्वभाव

कराडमध्ये माझं औषधांचं दुकान आहे. बीपी, साखर, थायरॉइड अशी रोजची औषधं घेणाऱ्या गिऱ्हाइकांची मी एक वही ठेवते. कुणी काय नेलं, किती नेलं, पुन्हा कधी यायला हवं. माझ्या वहीत तरी औषध वेळेवर नेण्याचा शिक्षणाशी फारसा संबंध दिसत नाही. काही माणसं पट्टीत दोन गोळ्या उरल्या की काउंटरपाशी हजर होतात. काही जण गोळ्या संपून पंधरवडा उलटला, डोकं ठणकायला लागलं, की येतात. पुढच्या वेळीही बहुतेक तसंच घडतं.

मानसशास्त्रज्ञ माणसाचा स्वभाव साधारण पाच अंगांनी मोजतात: माणसांत रमणं, मनमिळाऊपणा, नव्याची ओढ, चिंता करण्याची प्रवृत्ती आणि नेटकेपणा. यातल्या नेटकेपणाचा आयुष्याशी असलेला संबंध मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण तो रोज माझ्या डोळ्यांसमोर असतो.

लुइस टर्मन हे स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियातल्या सुमारे १५०० हुशार मुलांची पाहणी सुरू केली. त्यांना रस होता बुद्धिमत्तेत. पण मूल विचार करून वागतं का, खरं बोलतं का, हसतंखेळतं आहे का, हेही त्यांनी पालकांकडून आणि शिक्षकांकडून लिहून घेतलं. टर्मन १९५६ साली वारले, तरी पाहणी थांबली नाही. पुढे हॉवर्ड फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मंडळींचे मृत्यूचे दाखले मिळवून लहानपणच्या त्या नोंदींशी ताडून पाहिले. १९९३ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: लहानपणी जी मुलं जबाबदार आणि नेटकी होती, ती सरासरीनं जास्त जगली. हसरी, विनोदी मुलं मात्र थोडं कमी. आनंदी माणूस जास्त जगतो असं आपण धरून चालतो, म्हणून हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसले.

असं का होत असावं? उत्तराचा एक भाग सवयींत आहे. नेटकी माणसं तंबाखू आणि दारू कमी घेतात, गाडी जपून चालवतात, अंगाला हालचाल ठेवतात. १९४ अभ्यास एकत्र करून २००४ साली हेच दिसून आलं. पण फ्रीडमन यांनी दारू-सिगारेटचा हिशेब वेगळा काढला, तरी थोडा फरक उरलाच. अशी माणसं नोकरी टिकवतात, नाती सांभाळतात, आणि त्याचाही तब्येतीला आधार मिळत असणार.

तरीही स्वभावावरून एखाद्याचं भविष्य सांगता येत नाही. वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली दाखवून दिलं, की स्वभावाची चाचणी आणि एखाद्या प्रसंगातली वागणूक यांचा संबंध क्वचितच ०.३ च्या वर जातो. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पक्का संबंध, अशी ही मोजपट्टी. त्यावर मोठं वादळ उठलं. मग सीमोर एपस्टाइन यांनी १९७९ साली उलट बाजू मांडली: एकच प्रसंग धरू नका, पुष्कळ दिवसांची वागणूक एकत्र पाहा, म्हणजे स्वभाव स्पष्ट दिसतो. हे मला लगेच पटलं. एका महिन्याचा उशीर काहीच सांगत नाही. लेकीचं लग्न असेल, ऊसतोड आली असेल. सलग काही वर्षांची पानं मात्र बोलतात.

आणि ती पानंसुद्धा नीट वाचावी लागतात. नदीपलीकडच्या गावातले एक आबा माझ्याकडून बीपीची दहा गोळ्यांची एकच पट्टी नेतात. घरचे म्हणायचे, आबा औषधात हलगर्जी करतात, महिन्याचं एकदम आणत नाहीत. मी तारखा लावून पाहिल्या. डेअरीचं दुधाचं बिल दर दहा दिवसांनी होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दुकानात असतात. "ताई, एक पट्टी द्या," एवढंच बोलतात, पैसे मोजून ठेवतात. गोळीत एका दिवसाचाही खंड नाही! याउलट रोजंदारीवरचा माणूस पट्टीतल्या चार गोळ्या कापून मागतो, पुढच्या आठवड्यात काम मिळालं नाही तर येत नाही, आणि लोक त्याला बेफिकीर ठरवतात. हे मला सहन होत नाही. खिशात पैसे नसणं हा काही स्वभाव नव्हे.

अभ्यासकांनाही हे माहीत आहे. न्यूझीलंडमधल्या डनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांचा आजवर पाठपुरावा होतो आहे. तीन ते अकरा वर्षांपर्यंत मूल स्वतःला किती आवरू शकतं, हे तिथे मोजलं गेलं. घरची परिस्थिती आणि बुद्धिमत्ता हिशेबात धरूनही, ज्यांना आवर घालणं जमत होतं त्यांची बत्तिसाव्या वर्षी तब्येत बरी होती आणि पैशाची घडी नीट बसलेली होती. मात्र स्वभावावरचे बहुतेक अभ्यास श्रीमंत देशांतले आहेत. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांमध्ये २०१३ साली तपासलं, तेव्हा ती पाच अंगं तशी वेगळी निघालीच नाहीत.

डनेडिनमधली आणखी एक गोष्ट मी मुलांना घेऊन येणाऱ्या आयांना आवर्जून सांगते. "हा असाच धांदरट, बापावर गेलाय," असं त्या मुलासमोरच म्हणतात. पण तिथल्या ज्या मुलांचा संयम मोठेपणी वाढला, त्यांचं लहानपणच्या अंदाजापेक्षा बरं झालं. विशी ते चाळिशीत नेटकेपणा सरासरीनं वाढतो, हेही अनेक अभ्यासांत दिसलं आहे. धांदरट गिऱ्हाइकाला मी उपदेश करत नाही. थायरॉइडची बाटली टूथब्रशशेजारी ठेवायला सांगते आणि पुढची तारीख मार्करनं पिशवीवर ठळक लिहून देते. त्यातले बरेच जण आता वेळेवर येतात.