गळका वाडा आणि अकरा महिन्यांचा करार

मोडकळीस आलेल्या जुन्या घरात भाड्याने राहण्याचा प्रश्न आपल्याकडे दोनच बाजूंनी मांडला जातो. मालक म्हणतो, भाडे नाममात्र आहे, दुरुस्ती कोठून करू? भाडेकरू म्हणतो, घर पडावे म्हणूनच मालक दुरुस्ती टाळतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण त्याच वाड्यात जिन्याखालच्या किंवा माळ्यावरच्या खोलीत राहणारा तिसरा माणूस या वादात कोठेच नसतो. तो शिक्षणासाठी वा नोकरीसाठी खेड्यातून आलेला असतो, आणि पुष्कळदा तो आपल्यातला असतो. त्याच्या बाजूने हा प्रश्न पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी वाडा का पडतो ते पाहू. पुण्याच्या पेठांतील वाडा म्हणजे लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि वर मातीचा थर. भिंती विटामातीच्या, गिलावा चुन्याचा, छपरावर कौले. हे बांधकाम मुळीच दुबळे नाही. दरवर्षी पावसाआधी शाकारणी झाली तर ते शंभर वर्षे सहज उभे राहते. पण एक कौल सरकले की पाणी भिंतीत मुरते, आणि तुळईचे जे टोक भिंतीत गाडलेले असते ते कुजू लागते. बाहेरून तुळई धडधाकटच दिसते. मोऱ्या आणि संडास बहुधा मागाहून जोडलेले. त्यांच्या लगतची ओल कधी वाळत नाही, आणि वाळवी तेथूनच चढते. मग कोणीतरी चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवतो. भिंत स्वच्छ दिसते, ओल आत कोंडली जाते. खोली पाहायला जाणाऱ्याने ताज्या रंगावर भुलू नये. तुळईची टोके, मोरीमागची भिंत आणि भिंतीतून डोकावणारा पिंपळ पाहावा. जमल्यास भर पावसात जावे.

शाकारणी थांबली कशी? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले. युद्ध, फाळणी आणि टंचाईच्या त्या काळात हे संरक्षण आवश्यकच होते. त्याने कामगाराला आणि कारकुनाला शहरात उभे राहू दिले. पण महागाई वाढत गेली आणि भाडे जागच्या जागी राहिले. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही भाडे असे गोठवून ठेवणे अवाजवी ठरवले. त्यानंतर आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला, आणि त्याने भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. तोवर पेठांतील जमिनीला सोन्याचा भाव आला होता. उभ्या वाड्यापेक्षा पडलेला वाडा मालकाला अधिक किमतीचा झाला. असा मालक कौले कशाला बदलील?

येथवरची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. तिची दुसरी बाजू फारशी कोणी बोलत नाही. संरक्षित भाडेकरूपण कुटुंबात पुढे चालते. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला ते मिळते, अशी तरतूद जुन्या कायद्यात होती आणि नव्यातही आहे. मग १९५० साली पेठेतल्या वाड्यात खोली कोणाला मिळाली होती? बडोद्याच्या पारशी पथिकाश्रमाचा प्रसंग या अंकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. बॅरिस्टर होऊ घातलेल्या माणसाला जेथे छप्पर मिळाले नाही, तेथे गिरणीतल्या वा रेल्वेतल्या महाराला, मांगाला, चांभाराला ब्राह्मणी वाड्याची दिंडी कोण उघडणार होते? ज्याला तेव्हा खोली नाकारली, त्याच्या नातवाच्या वाट्याला ते संरक्षणही आले नाही. कायद्याने कोणाची जात विचारली नाही. परंतु जातीने आधीच केलेली निवड त्याने पिढ्यान्‌पिढ्या जपली.

हा नातू आज शहरात येतो तो ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या अकरा महिन्यांच्या करारावर. प्राध्यापकाची नोकरी लागल्यावर मीही असाच आलो. आमच्या घरात असा करार वाचणारा मी पहिलाच. चांगल्या इमारतींत आधी गाव, मग आडनाव, मग आहार विचारला जाई, आणि खोली ‘कालच गेलेली’ असे. गळक्या वाड्यात फक्त अनामत विचारली. तेथे आडनावाला किंमत नव्हती, कारण खोलीलाच नव्हती. राहण्याच्या जागेबाबत अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण ‘कालच गेली’ या दोन शब्दांवर फिर्याद कशी नोंदवायची?

आता या दोघांचे हक्क शेजारीशेजारी ठेवून पाहू. १९९९ च्या कायद्याचे कलम १४ दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकते. भाडेकरूने नोटीस दिल्यावर पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर त्याने ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मर्यादा अशी की वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक रक्कम त्या वर्षात वळती करता येत नाही. भाडे महिना शंभर रुपये असेल तर ही रक्कम तीनशे रुपये होते. तेवढ्यात शाकारणारा वाड्याची पायरीदेखील चढणार नाही. मात्र भाडेकरूंनी एकत्र नोटीस दिली तर प्रत्येकाचा वाटा जमेस धरता येतो. पावत्या आणि नोटिशीची पोच जपून ठेवावी.

परवानाधारकाला एवढाही आधार नाही. तो कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नव्हे. मुदत संपून तो राहिला तर कलम २४ प्रमाणे दुप्पट रक्कम द्यावी लागते. दुरुस्तीचा आग्रह धरणाऱ्याचा करार बाराव्या महिन्यात होत नाही, एवढे सर्वांना समजते. त्याच्या उपयोगाचे आहे ते कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत करणे ही मालकाची जबाबदारी आहे. तो तसा नसेल, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे ठरवायचे तर पुरावा दुसऱ्या बाजूने द्यायचा. कागद नाही म्हणून घाबरून खोली सोडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे कोणी सांगत नाही. कागद असेल तर गळती कोणी आणि किती दिवसांत दुरुस्त करायची, हे वाक्य सही करण्याआधी त्यात घालून घ्यावे. नंतर ते कोणी घालू देत नाही.

राज्याने मनावर घेतले तर परवानाधारकाचा भाडेकरू होतो, हेही घडलेले आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहत असलेल्यांना कायदा दुरुस्त करून संरक्षण देण्यात आले. त्यानंतर मालक सावध झाले, खोल्या कुलपात गेल्या, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच खोटा नाही. म्हणून आज तीच मागणी जशीच्या तशी करण्यात अर्थ नाही. निदान कलम १४ परवानाधारकाला लागू करा, एवढी मागणी मात्र रास्त आहे. त्याने मालकाची जागा अडकत नाही. फक्त छप्पर गळू नये एवढेच होते.

वाडा पाडला जातो तेव्हा हा फरक उघडा पडतो. इमारत पडली तरी भाडेहक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले. नव्या इमारतीत जागा मागण्याची जुन्या भाडेकरूची वाट त्यामुळे खुली राहते. माळ्यावरचा माणूस त्या दिवशी पुन्हा खोली शोधायला निघतो.