व्यापाऱ्याचा शब्द आणि कानातील बिनतारी यंत्र

व्यापारात लेखी कराराइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, तोंडी शब्दाला मान असतो. पूर्वी अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची रीत होती. तिच्यात दोन गोष्टी एकदम साधत. भाव समोरच्यास अचूक कळे आणि शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्यास त्याचा पत्ता लागत नसे. पुढे दूरध्वनी आला. १९६० साली लखनौ व कानपूर या शहरांमध्ये थेट क्रमांक फिरवून बोलण्याची एस.टी.डी. सेवा सुरू झाली आणि क्रमाक्रमाने ट्रंक कॉलची वाट पाहत बसण्याचे दिवस मागे पडले. आज बेळगावची रविवार पेठ असो, इंदूरचे सियागंज असो, हैदराबादचा बेगम बाजार असो किंवा म्हापशाची बाजारपेठ असो, पेढीवर बसलेल्या तरुणाच्या कानात शेंगेएवढे एक बिनतारी यंत्र हमखास दिसते. ‘इअरबड’ या नावाने ते घरोघर परिचित झाले आहे. त्यातूनच तो भाव विचारतो, माल रवाना झाल्याची खातरजमा करतो, हिशेबनिसाशी बोलतो आणि दुपारी गिऱ्हाईक ओसरले म्हणजे त्यातच गाणेही ऐकतो.

हजार-दीड हजार रुपयांपासून पंचवीस हजारांपर्यंत किमतीचे हे यंत्र घेताना बहुतेक जण त्याचा रंग, डबीची चकाकी आणि ढोलासारखा घुमणारा आवाज पाहतात. वास्तविक व्यापाऱ्याने ते रुमालाच्याच कसोटीवर पारखले पाहिजे. आपला शब्द पलीकडे अचूक पोचतो काय, हा पहिला प्रश्न. आपल्याला काय ऐकू येते, हा दुसरा. दुकानदार मात्र केवळ दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देत असतो.

यंत्राची थोडी ओळख

ज्या बिनतारी पद्धतीवर हे यंत्र चालते तिचे नाव ब्लूटूथ. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास तिच्यावर काम सुरू झाले आणि १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल व तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून तिच्यासाठी एक संघ स्थापन केला. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याच्या नावावरून हे नाव घेतले आहे. एकमेकांना जोडणारी तारही नाही अशी दोन सुटी इअरबड सर्वत्र लोकप्रिय झाली, ती अॅपल कंपनीचे एअरपॉड्स २०१६ च्या अखेरीस बाजारात आल्यानंतर.

या पद्धतीत संगीत आणि संभाषण यांचे मार्ग वेगळे आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. संगीत एकाच दिशेने, फोनकडून कानाकडे येते. म्हणून त्याला ऐसपैस वाट मिळते. संभाषणात आवाज जातोही आणि येतोही. त्यामुळे जुन्या पद्धतीत त्याच्या वाट्याला अरुंद बोळ येतो. संगणकावर सभा सुरू होताच मघाचे सुरेल गाणे एकाएकी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटू लागते, त्याचे कारण बहुधा हेच असते. यंत्र बिघडलेले नसते, त्याने केवळ वाट बदललेली असते. तेव्हा ज्यात गाणे उत्तम वाजते त्यात बोलणेही उत्तम होईल, हा समज सोडून दिला पाहिजे.

‘साठ’ आणि ‘आठ’

जुन्या दूरध्वनीवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी जात असे. स्वरांचे वजन या पट्ट्यात मावते. परंतु ‘स’सारख्या घर्षक वर्णाचा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. तो कापला गेला म्हणजे ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतील अंतर नाहीसे होऊ लागते. ‘सात’ आणि ‘साठ’ यांचीही गल्लत होते. कवितेत असे झाले तर फार तर अर्थ बिघडेल. गुळाच्या वा हळदीच्या सौद्यात झाले तर पैसे जातात आणि त्याहून वाईट म्हणजे शब्दाची पत जाते.

आता मोबाइलवर उच्च प्रतीचे संभाषण शक्य झाले असून त्यात सुमारे ७००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी जातात. तथापि कानातील यंत्र जुन्या पद्धतीचे असेल तर मोठ्या नळातून आलेले पाणी शेवटी बारीक तोटीतूनच बाहेर पडते. ब्लूटूथमध्ये संभाषणासाठी मूळची पद्धत सेकंदाला ८,००० नमुने घेणारी होती. २०११ मध्ये आलेल्या ‘हँड्स-फ्री प्रोफाइल १.६’ने १६,००० नमुन्यांची सोय केली. तिलाच ‘वाइडबँड’ किंवा ‘एचडी व्हॉइस’ म्हणतात. माहितीपत्रकात ही सोय आहे काय, एवढे अवश्य पाहावे. २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’ या नव्या पद्धतीत बोलणे याहूनही स्पष्ट होऊ शकते; पण ती फोन आणि इअरबड या दोहोंतही असावी लागते. खोक्यावर केवळ ‘ब्लूटूथ ५.३’ असा आकडा छापला आहे एवढ्यावरून ती आहेच असे समजू नये.

गोंगाट कोणासाठी कमी होतो?

विक्रेत्यांच्या बोलण्यात सर्वाधिक गोंधळ होतो तो या मुद्द्यावर. ‘एएनसी’ म्हणजे बाहेरच्या गोंगाटाला उलट लहरींनी शमविणे. या कल्पनेचे पेटंट पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला अमेरिकेत १९३६ साली मिळाले होते. पंखा, जनित्र, आगगाडी वा विमान यांचा संथ घरघराट ती चांगला शमविते. माणसांचे बोलणे किंवा हमालांची हाकाटी तितकीशी शमत नाही. मुख्य गोष्ट अशी की, ही सोय आपल्या कानासाठी असते. पलीकडच्या गृहस्थास तिचा थेट उपयोग काहीच नाही. त्याच्यासाठी असते ती ‘ईएनसी’, म्हणजे आपल्या आवाजातून भोवतालचा कोलाहल वगळण्याची सोय. दोन अक्षरे सारखी म्हणून दोन्ही वस्तू सारख्या होत नाहीत. भुसार बाजारात बसून बोलणाऱ्यास दुसरीची गरज पहिल्याहून अधिक आहे.

ही दुसरी सोय मायक्रोफोनच्या जागेवर व संख्येवर बरीचशी अवलंबून असते. खाली दांडी असलेल्या घडणीत मायक्रोफोन तोंडाच्या थोडा जवळ येतो. दोन वा अधिक मायक्रोफोन असल्यास आवाज कोणत्या दिशेने येतो हे ताडता येते. काही यंत्रांत हाडातून येणारा बोलणाऱ्याचा कंप टिपण्याची सोय असते. वाऱ्यात तिचा विशेष उपयोग होतो.

पेढीवरची परीक्षा

जाहिरातीवर विसंबण्यापेक्षा एक साधी परीक्षा घ्यावी. दुकानाच्या शांत, वातानुकूलित खोलीत ती घेऊ नये. रस्त्यावर येऊन घ्यावी. घरी किंवा पेढीवर दूरध्वनी लावावा आणि नेहमीच्या आवाजात दहा आकडे सांगावेत : साठ, आठ, सात, बासष्ट, बाहत्तर, सत्तावीस, सदतीस, पस्तीस, पंचवीस, एकोणऐंशी. पलीकडच्याने ते न विचारता लिहून घ्यावेत आणि मग वाचून दाखवावेत. दहाही बरोबर आले तर यंत्र व्यापाराच्या कामाचे. दोन चुकले तर ते कितीही गोड वाजो, केवळ गाण्याच्या कामाचे. सीमाभागात एकाच दिवशी मराठी, कानडी आणि हिंदी अशा तीन भाषांतून व्यवहार होतात. तेथे तीनही भाषांत हीच परीक्षा घ्यावी.

संगीतासाठी निवड

संगीतासाठी मोठा पडदा म्हणजे मोठा गुण, असे नाही. दहा मिलिमीटरचा पडदा तेरा मिलिमीटरच्या पडद्याहून सरस असू शकतो. कानात नीट बसणे याला त्याहून महत्त्व आहे. कारण रबरी टोपण सैल असेल तर खर्जाचा आवाज बाहेर निसटतो आणि माणूस विनाकारण आवाज वाढवितो. डबीत तीन मापांची टोपणे असल्यास तिन्ही घालून पाहावीत. उजव्या व डाव्या कानाचे माप निराळे असणे अशक्य नाही.

पारखण्यासाठी सवयीचे गाणे निवडावे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीचा आणि १९४८ पासून त्यांचे वास्तव्य इंदूरजवळच्या देवासचे. म्हणजे आपल्या या दोन्ही केंद्रांना ते आपले वाटतात. त्यांचे एखादे ध्वनिमुद्रण लावावे आणि गायकाकडे क्षणभर दुर्लक्ष करून तंबोऱ्याकडे कान द्यावा. तारांची झणकार सुटी आणि अखंड ऐकू आली, तबल्याच्या डग्ग्याने ती झाकली नाही, तर यंत्र चांगले समजावे. भजने व स्तवने ऐकणाऱ्यांसही हीच खूण पुरेशी आहे.

‘एलडॅक’ किंवा ‘अॅप्टएक्स’ अशा नावांसाठी अधिक पैसे मोजण्यापूर्वी आपला फोन ती पद्धत मानतो की नाही हे पाहावे. आयफोन या दोन्ही मानीत नाही, तो ‘एएसी’ वापरतो. तेव्हा आयफोनधारकाने त्यांसाठी दिलेले पैसे वायाच जातात.

घेताना पाहावयाच्या इतर गोष्टी

ज्यांच्यापाशी दोन फोन आहेत, अथवा फोन व संगणक दोन्ही आहेत, त्यांनी एकाच वेळी दोहोंशी जोडले जाणारे, म्हणजे ‘मल्टिपॉइंट’ सोय असलेले यंत्र घ्यावे. कोणताही एक कान स्वतंत्रपणे वापरता यावा. म्हणजे दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा राहतो. ‘चाळीस तास’ असे लिहिलेले असते त्यात डबीतील विजेचाही हिशेब धरलेला असतो. कानातील यंत्र एका दमात किती तास चालते हा आकडा वेगळा विचारावा. घाम व पावसाच्या शिंतोड्यांसाठी ‘आयपीएक्स ४’ ही किमान खूण असावी. आतील विद्युत्घट अगदी लहान असल्याने दोन-तीन वर्षांच्या रोजच्या वापरानंतर त्याचा जोर ओसरतो आणि तो बदलणे बहुधा परवडत नाही. म्हणून अतिमहाग वस्तू पिढ्यान् पिढ्या टिकेल या हिशेबाने घेऊ नये. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी-खूण पाहावी आणि पेढीच्या जीएसटी क्रमांकासह पक्के बिल घ्यावे. बिलावाचून हमीचा कागद कोरा असतो.

कानाची पुंजी

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्याला ८० डेसिबल पातळीवर ४० तासांहून अधिक ऐकू नये. मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ डेसिबलला १० तास. अंतःकर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाने होणारी ही हानी प्रथम दिसते ती ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ज्या प्रदेशात ‘साठ’ आणि ‘आठ’ वेगळे होतात त्याच प्रदेशात. उतारवयात ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ पुष्कळदा येथे असते. तरुणपणी गाण्याच्या हौसेपायी गमावलेला तो शब्द साठीत कोणतेही यंत्र पूर्णतः परत आणून देत नाही. भांडवल मोडून खाणाऱ्या पेढीची जी गत होते, तीच कानाची होते. म्हणून आवाज मध्यापलीकडे नेऊ नये, आणि दुचाकी चालविताना तर यंत्र डबीतच असावे.

आणखी एक सावधगिरी. दोन्ही कान बंद असताना बोलणाऱ्याचा आवाज नकळत चढतो आणि पेढीचा भाव सबंध गल्लीला कळतो. आपल्या पाच समितींमध्ये भाषासमितीला स्थान आहे. हितकर, मोजके आणि निःसंदिग्ध बोलावे, हा तिचा आशय. सौदा ठरवून झाल्यावर आकडा एकदा हळू आवाजात पुन्हा उच्चारावा, पलीकडच्याकडून वदवून घ्यावा आणि मगच वहीत लिहावा. यंत्र कितीही उत्तम निवडले, तरी ही सवय सोडू नये.